नेट मीटरच्या सोलरला बॅटरी जोडताना: नेरुळच्या एका रो-हाऊसमधला जून ते नोव्हेंबर

गच्चीवर सोलर आहे म्हणजे लाइट गेली तरी घर चालू राहतं, असा बहुतेकांचा समज असतो. साध्या ग्रिड-टाय, म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्याला जोडलेल्या, सोलरचं तसं नसतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. पॅनल त्या वेळी उन्हात होती, पण बॅटरी नसलेली घरंही सगळ्यांबरोबरच बंद पडली. हा बिघाड नव्हता. बाहेरची वीज गेली की, पॅनलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरने स्वतःला बंद करायचं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज जाईल. आयएस १६१६९ हे मानक याच अटीसाठी आहे. दिवसा लाइट गेली तरी पॅनल वापरायची असतील, तर घराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःचं छोटं जाळं उभं करणारा इन्व्हर्टर लागतो आणि त्याला आधार म्हणून बॅटरी.

आमची जुनी व्यवस्था २०२२ ची: ३३५ वॅटची नऊ पॅनल, म्हणजे ३ किलोवॅट, सिंगल फेज, महावितरणचा नेट मीटर (येणारी आणि जाणारी, दोन्ही वीज मोजणारा). बॅटरी जोडायचं काम २०२५ च्या जूनमध्ये हाती घेतलं आणि कागदांसकट नोव्हेंबरमध्ये पूर्ण झालं. ज्यांच्याकडे अशीच व्यवस्था आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

पैशांचं आधी बोलू, कारण विक्रेते इथेच गोंधळ घालतात. बॅटरीने बिल कमी होईल असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून आकडे लिहून घ्या. नेट मीटरिंगमध्ये दिवसाचं जास्तीचं युनिट जाळ्यात जातं, रात्री आपण वापरलेल्या युनिटमधून ते वजा होतं आणि शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. ३१ मार्चला हिशोब बंद होतो. या व्यवस्थेत साठवणीचा खर्च शून्य आहे. तेच युनिट बॅटरीत घालून काढलं की बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून साधारण १० ते १५ टक्के वाटेतच जातं. शिवाय बॅटरीची झीज आहेच: ५ युनिटची लिथियम बॅटरी लाख-सव्वा लाखाला येते, उत्पादक ६,००० चक्रं (एकदा भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक चक्र) सांगतात, एका चक्रात वापरायला साडेचार युनिट मिळतात. रोज एक चक्र धरलं तरी युनिटमागे चार-साडेचार रुपये फक्त बॅटरीचे झाले. वेळेनुसार दराचा फरक वाढत गेला तर हे गणित बदलेल, म्हणून आपल्या बिलावरचे टीओडीचे (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचे) रकाने वाचून मगच ठरवा. आमच्यासाठी उद्देश एकच होता, लाइट गेल्यावर घर चालणं. पुढची प्रत्येक निवड त्यावरून झाली.

प्रधानमंत्री सूर्य घर योजनेचं अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळतं: २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही. "बॅटरीवर पण सबसिडी करून देतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

जूनमध्ये काहीही विकत न घेता फक्त मोजमाप केलं. प्लगमध्ये बसणारा वॉट-मीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो फ्रिजला, राउटरला, टीव्हीला लावून चोवीस तासांचा वापर लिहून काढावा. रात्रीच्या बारा तासांचा आमचा हिशोब असा निघाला: ३२ वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आठ तास, ०.७७ युनिट. फ्रिज ०.६. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ वॅट, ०.१८. पाच एलईडी चार तास, ०.१८. टीव्ही दोन तास, ०.१६. पाण्याचा १ एचपी पंप वीस मिनिटं, ०.३५. आणि जे कुणीच धरत नाही ते: हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) नुसता जागा राहण्यासाठी ५० वॅटच्या आसपास खातो, बारा तासांत ०.६ युनिट. एकूण २.८५ च्या आसपास. म्हणजे ५ युनिटच्या एका बॅटरीत रात्र आरामात निघते. त्यात दीड टनाचा एसी घातला की तो सरासरी पाऊण किलोवॅटने पाच तासांत पावणेचार युनिट खाणार, आणि बॅटरी दुप्पट घ्यावी लागणार. एसी, गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह हे आम्ही बॅकअपच्या बाहेर ठेवले. जुने ७५ वॅटचे पंखे असतील तर आधी ते बदला. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

जुलैमध्ये कोटेशन मागवली. वाटा तीन असतात.

पहिली, सोलर जसं आहे तसं ठेवून बाजूला साधा इन्व्हर्टर-बॅटरी बसवायची. सर्वात स्वस्त, आणि कागदपत्रांचं कामही कमी. पण दिवसभर लाइट गेली तर पॅनलचा काही उपयोग नाही. जिथे लाइट तास-दीड तासापेक्षा जास्त जात नाही तिथे हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी, जुना ग्रिड-टाय इन्व्हर्टर ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर त्याच्या एसी बाजूला, म्हणजे घराकडे वीज जाते त्या बाजूला, जोडायचा. लाइट गेली की बॅटरीचा इन्व्हर्टर जाळं उभं करतो, जुना इन्व्हर्टर त्याला खरं जाळं समजून चालू होतो. बॅटरी भरली की वारंवारता ५० हर्ट्झवरून वर नेऊन जुन्याला मागे सारावं लागतं. जुना इन्व्हर्टर या इशाऱ्यावर हळूहळू उतरणारा आहे की एकदम ट्रिप होणारा, हे त्याच्या डेटाशीटमध्ये पाहावं लागतं. सोलरचा इन्व्हर्टर बॅटरीच्या इन्व्हर्टरपेक्षा मोठा असू नये.

तिसरी, जुना काढून हायब्रिड बसवायचा. पॅनल थेट त्याला, बॅटरी त्याला. आम्ही ही घेतली, कारण पॅनलची वीज थेट बॅटरीत जाते आणि दोन यंत्रांचं एकमेकांशी जमवून घेणं वाचतं.

इथे व्होल्टेज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या प्रत्येक पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचं) ४६ च्या आसपास आहे. नऊ एका ओळीत म्हणजे ४१४ व्होल्ट. ५०० व्होल्टची कमाल मर्यादा असलेल्या हायब्रिडला ते चालतं. पण बाजारात "सोलर हायब्रिड" याच नावाने कमी व्होल्टेजची यंत्रं मिळतात, ज्यांची पॅनलची मर्यादा १४५ व्होल्ट असते. ४१४ व्होल्ट त्यात घातले की ते जागीच जळणार, आणि वॉरंटी मिळणार नाही. एका कोटेशनमध्ये असंच यंत्र सुचवलेलं होतं. पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक विक्रेत्याला पाठवा.

दुसरा सापळा बॅटरीच्या अँपियरचा. ५१.२ व्होल्ट, १०० एएच (अँपियर-अवर) म्हणजे ५.१२ युनिट, हे सगळे सांगतात. सतत किती अँपियर देते ते कुणी सांगत नाही. काही बॅटऱ्या ५० अँपियरवर थांबतात, म्हणजे इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा असला तरी लाइट गेल्यावर घराला अडीचच मिळणार. पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. त्या क्षणी बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतली राखण करणारी यंत्रणा, बॅटरी तोडून टाकते आणि पूर्ण घर काळोखात. आम्ही सतत १०० अँपियर देणारी बॅटरी घेतली. रसायन एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), सुरक्षेचं आयईसी ६२६१९ प्रमाणपत्र. ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिडचा विचार केला होता. पण ती निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही, डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं आणि चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद जागेत नकोच.

थ्री-फेज कनेक्शन असलेल्यांना एक जास्तीची पायरी आहे. सिंगल फेज हायब्रिड घेतला तर बॅकअपचे सगळे सर्किट एकाच फेजवर आणावे लागतात. थ्री-फेज हायब्रिडला खर्च बराच वाढतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला, पैसे देण्याआधी, महावितरणच्या पोटविभागात अर्ज दिला. इन्व्हर्टर बदलणं म्हणजे मंजूर झालेल्या व्यवस्थेत बदल करणं, ते न कळवता करू नये. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप विनियमांत साठवणीला परवानगी आहे, अट अशी की बाहेरची वीज नसताना बॅटरीची वीज जाळ्यात जाऊ नये, आणि तोडण्यासाठी स्वयंचलित तसंच हाताने चालवायचा आयसोलेशन स्विच असावा. अर्जाला जोडलेले कागद: जुना नेट मीटरिंग करार, शेवटचं बिल, नव्या इन्व्हर्टरची डेटाशीट, आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ ची प्रमाणपत्रं, बॅटरीची डेटाशीट, आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने सही केलेली सिंगल लाइन आकृती. आकृतीत हाताने चालवायचा स्विच ठळक दाखवा, पहिला प्रश्न तिथेच येतो.

दुसरा प्रश्न क्षमतेचा आला: मंजुरी ३ किलोवॅटची, इन्व्हर्टर ५ चा कसा? प्रश्न रास्त होता. पॅनल वाढलेली नाहीत, आणि जाळ्यात ३ किलोवॅटपेक्षा जास्त जाणार नाही अशी मर्यादा इन्व्हर्टरमध्ये घातली जाईल, असं उत्पादकाचं पत्र दिलं आणि तो मुद्दा संपला. हे पत्र सुरुवातीलाच मागून घ्या, मिळायला आठवडा-दीड आठवडा जातो. सोबत पोच घ्यायला विसरू नका: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नंतरचं प्रत्येक बोलणं त्या आवक क्रमांकावर होतं.

तिसरा मुद्दा जनरेशन मीटरचा, म्हणजे पॅनलने किती वीज बनवली ते मोजणाऱ्या मीटरचा, आणि तो जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. आधी पॅनलची सगळी वीज इन्व्हर्टरमधून या मीटरमार्गे जात होती. हायब्रिडमध्ये बॅकअपच्या सर्किटांना जाणारी वीज वेगळ्या टोकातून बाहेर पडते, त्या मीटरला दिसतच नाही. बॅटरीत गेलेलीही दिसत नाही. म्हणून रीडिंग अचानक घटतं आणि कुणाला तरी संशय येतो. बदलाची तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग अर्जात लिहून दिलं, म्हणजे पुढे प्रश्न उरत नाही.

जुन्या विक्रेत्याशीही लेखी बोलणं आवश्यक आहे. अनुदानाच्या योजनेत पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडे असते. इन्व्हर्टर बदलल्यावर पॅनल, स्ट्रक्चर आणि वायरिंगची जबाबदारी कुणाकडे राहील, हे ईमेलवर घ्या. सोसायटीची एनओसीही याच दिवसांत घेतली.

पुढे गणपती. २७ ऑगस्टच्या चतुर्थीच्या आधी आणि नंतर वायरमन मिळणं कठीण, आणि महावितरणची तोंडी संमती येऊन लेखी उत्तर यायचं होतं. हे थांबणं जड गेलं, कारण पाऊस चालू होता आणि लाइट जात होती. लेखी उत्तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आलं. मग पितृपक्षात माल मागवला. त्या काळात नवीन खरेदी कमी असते, त्यामुळे बॅटरी लवकर आली आणि बसवणाऱ्या मंडळींना वेळही होता. वस्तू घेताना बॅटरीचा अनुक्रमांक आणि उत्पादनाचा महिना तपासा, आणि पडद्यावर चार्ज किती टक्के आहे ते पाहा. नवी बॅटरी साधारण ३० ते ५० टक्क्यांवर येते. महिनोनमहिने गोदामात पडून शून्याला टेकलेली असेल तर परत पाठवा.

जागा निवडताना नवी मुंबईचा विचार वेगळा करावा लागतो. आमचा भाग भराव घातलेला आहे, पावसाळ्यात मोठी भरती आणि पाऊस जुळून आले की रस्त्यावर पाणी साचतं. बॅटरी जमिनीवर ठेवायची नाही हे आधीच ठरलं होतं. जिन्याशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर लावली. वजन ५० किलोच्या आसपास. भिंत विटांची असेल तर १० मिमीचे अँकर धरतात. सिपोरेक्सची (हलक्या सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, साधा अँकर काही महिन्यांत ढिला होतो. झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेर पडायची एकमेव वाट, या तिन्ही जागा टाळा. ऊन लागणारी भिंतही टाळा, कारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग कमी होतं आणि आयुष्य घटतं. खाडीच्या खाऱ्या हवेसाठी बाहेरचे नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. जीआयवर (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावर) दोन पावसाळ्यांत गंज दिसतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर केबल ३५ चौरस मिमी तांब्याची, लांबी दीड मीटरच्या आत. ५ किलोवॅटला ५० व्होल्टवर १०० अँपियर वाहतात, म्हणून लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबलेले हवेत. हातोडीने ठोकलेला लग दिसायला घट्ट असतो, पण तासाभराच्या भारानंतर हात लावला तर चटका बसतो. मधे १२५ अँपियरचा डीसी एमसीसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा मोठा ब्रेकर) घातला. एसीचा एमसीसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी शून्यातून जात नाही म्हणून ती विझत नाही. पॅनल, बॅटरी आणि एसी, तिघांना वेगवेगळे आयसोलेटर.

खरा वेळ गेला तो डीबीमध्ये, म्हणजे घरातली सर्किटं वाटून देणाऱ्या पेटीत. बॅकअपसाठी नवा सहा-वे डीबी बसवला आणि निवडलेले सर्किट त्यात हलवायचे होते. बसवणारी मंडळी फेजची वायर हलवतात, न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतात. मग होतं असं: करंट इन्व्हर्टरच्या बॅकअप टोकातून जातो आणि परत येतो मेनच्या न्यूट्रलवर. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, जाणारा आणि येणारा करंट तोलत असतो. तोल गेला की ट्रिप. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झालं. आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू, असा सल्ला मिळाला. असा सल्ला कधीही मानू नका. आरसीसीबी बरोबर सांगत असतो.

शोधायची पद्धत सरळ आहे, वेळखाऊ आहे. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, बॅटरीचा एमसीसीबी खाली, आणि कुठेही वीज नाही याची टेस्टरने खात्री. सगळी उपकरणं प्लगमधून काढायची, दिवे-पंख्यांची बटणं बंद. डीबीतल्या सगळ्या न्यूट्रल पट्टीवरून सोडवून प्रत्येकीवर सर्किटचं नाव चिकटवायचं. मग मल्टिमीटरने दोन-दोन न्यूट्रल एकमेकांशी तपासायच्या. जिथे बीप वाजेल तिथे घरात कुठेतरी त्या एकत्र आहेत. आमच्याकडे तळमजल्याची आणि पहिल्या मजल्याची न्यूट्रल वाजली. कारण जिन्याचा दिवा. खालून-वरून लागणाऱ्या या टू-वे दिव्याच्या बोर्डात खालच्या आणि वरच्या सर्किटची न्यूट्रल एकमेकींना जोडलेली होती. रो-हाऊसमध्ये हे फार सर्रास असतं, कारण वायर वाचते. जिन्यातला बोर्ड उघडून ती जोड सोडवली, एक नवी न्यूट्रल खालून ओढली, बीप थांबला, आणि मग आरसीसीबी एकदाही पडला नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटलाही मिक्सरच्या सॉकेटमधून लूप होता. त्याला स्वतंत्र अडीच चौरस मिमीची वायर घातली. सगळ्या कामात खर्चाने नव्हे पण महत्त्वाने हे काम पहिलं आहे. बॅटरी कितीही चांगली असली तरी न्यूट्रल वेगळ्या केल्या नाहीत तर व्यवस्था धड चालणार नाही.

दुसरी न्यूट्रलची गोष्ट जास्त धोक्याची आहे, कारण ती दिसत नाही. लाइट असताना न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेली असते. लाइट गेली आणि इन्व्हर्टर घर तोडून वेगळा झाला की बॅकअपची न्यूट्रल अधांतरी राहते. मग फ्रिजच्या बॉडीत करंट उतरला तरी त्याला परतायला वाट नाही, आणि बॅकअपच्या डीबीतला आरसीसीबी पडत नाही. चांगल्या हायब्रिडमध्ये यासाठी रिले असतो, जो बॅकअपवर जाताच न्यूट्रल अर्थिंगला जोडतो. काही यंत्रांत तो सेटिंगमधून सुरू करावा लागतो. तपासणी अशी: मेन खाली करा, घर बॅटरीवर असताना सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट आलं तर जोड आहे. ८०-१०० किंवा जास्त आलं, टेस्टर दोन्ही भोकांत लागला, तर जोड नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून समाधान मानू नका. ते आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये तोल बिघडवतं, अर्थिंगची वाट तपासतच नाही. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत हवा. आमचा जुना खड्डा त्याहून वर निघाला, म्हणून नवा केमिकल अर्थिंगचा रॉड घातला.

घटस्थापनेच्या आठवड्यात, म्हणजे २२ सप्टेंबरनंतर, यंत्र सुरू केलं. बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात ते इंटरनेटच्या केबलसारख्या दिसणाऱ्या आरजे-४५ केबलने. दिसते तशी असली तरी पिनांची जुळणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी, त्यात कॅन आणि आरएस-४८५ असे दोन प्रकार. घरातली लॅनची केबल लावून चालत नाही. केबल चुकली की पडद्यावर बीएमएसची चूक येते, आणि घाईत मंडळी बॅटरीचा प्रकार "लेड-अ‍ॅसिड" करून निघून जातात. यंत्र चालतं, पण अंदाज व्होल्टेजवरून बांधतं. एलएफपीचं व्होल्टेज ८० टक्क्यांना आणि ३० टक्क्यांना जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे पडदा ६० टक्के दाखवत असतानाच घर बंद पडतं. तंत्रज्ञ निघण्याआधी पाहा: पडद्यावर सेलचं कमाल-किमान व्होल्टेज आणि तापमान दिसत असेल तरच दोघांचं बोलणं सुरू आहे.

पहिले काही दिवस बॅटरी पूर्ण भरायच्या आधीच थांबत होती. सोळा सेलपैकी एखादा ३.६५ व्होल्टला आधी पोचला की बीएमएस सगळ्यांचं चार्जिंग तोडते. नवीन बॅटरीत हे होतं. चार्जिंगचं व्होल्टेज ५६ च्या खाली आणि करंट २० अँपियरवर आणला. बीएमएसला सेल समान करायला वेळ मिळाला आणि आठवड्याभरात ती १०० टक्क्यांना पोचू लागली. मग करंट पुन्हा वाढवला.

मेनवर बसणाऱ्या सीटीचा (करंट मोजणाऱ्या कड्याचा) बाण कुठल्या दिशेने, हे मॅन्युअलमध्ये पाहून स्वतः तपासा. उलटा बसला तर घर वीज घेत असताना यंत्राला वाटतं आपण देतोय, आणि सगळे निर्णय उलटे होतात. गीझर लावून पाहायचं: पडद्यावर "ग्रिडकडून" २ किलोवॅट दिसायला हवेत.

सेटिंगमध्ये यंत्र बहुधा "सेल्फ कन्झम्प्शन"वर येतं, म्हणजे रोज रात्री बॅटरी रिकामी. नेट मीटर असलेल्या घरात हे कारणाशिवाय झिजवणं आहे, आणि पहाटे लाइट गेली तर हाताशी काही नाही. राखीव पातळी पावसाळ्यात ९० टक्के आणि दिवाळीनंतर ६० टक्के ठेवायची, असं आम्ही ठरवलं. बारा महिने १०० टक्क्यांवर ठेवू नये, उष्णतेत भरून राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. महिन्यातून एकदा पूर्ण भरू द्यावी, म्हणजे टक्केवारीचा हिशोब ताळ्यावर राहतो. बॅटरीतून जाळ्यात वीज देण्याचा पर्याय बंद, निर्यातीची मर्यादा ३ किलोवॅट.

ऑक्टोबरच्या मध्यावर महावितरणची तपासणी झाली. मेन खाली करून इन्व्हर्टरच्या ग्रिड बाजूला व्होल्टेज शून्य येतं हे पाहिलं गेलं, हाताने चालवायचा स्विच चालवून पाहिला, निर्यातीच्या मर्यादेच्या सेटिंगचा फोटो घेतला. कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, अर्थिंगचं रीडिंग आणि अनुक्रमांकांची यादी तयार ठेवली होती. दिवाळीमुळे पत्र लांबलं, नोव्हेंबरमध्ये हाती आलं. त्यानंतरच्या बिलात आयात आणि निर्यातीचे आकडे इन्व्हर्टरच्या नोंदीशी जुळवून पाहिले, जुळले. तेव्हा मोठा दिलासा वाटला.

खर्च असा झाला, जीएसटीसकट: हायब्रिड इन्व्हर्टर ८८,०००, बॅटरी १,१८,०००, डीबी, आरसीसीबी आणि न्यूट्रल वेगळ्या करण्याचं वायरिंग २१,५००, डीसी केबल, एमसीसीबी, एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण) आणि अर्थिंग १२,०००, मजुरी १५,०००. एकूण २,५४,५०० रुपये. लिथियम बॅटरीवर जीएसटी १८ टक्के आहे. कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तू आणि तिचा कर वेगळ्या ओळीत मागा. "ऑल इन्क्लुझिव्ह" कोटेशनमध्ये वायरिंगचे पैसे नसतात, आणि डीबी उघडल्यावर ते मागितले जातात. घरात जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांखाली ती गोळा करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे आणि विक्रेता वजनावर पैसे देतो.

आता लाइट गेली की दिवा क्षणभर लुकलुकतो, राउटर बंद पडत नाही. दिवसा गेली तर पॅनल चालू राहतात; बॅटरी भरलेली आणि घरात भार कमी असेल तर यंत्र पॅनलना आवरतं, त्या वेळी निर्मिती घटलेली दिसते, ते बरोबरच आहे. लाइट परत आल्यावर यंत्र मिनिट-दोन मिनिटं जाळं तपासतं आणि मगच जोडलं जातं. घाबरून बटणं दाबू नयेत, म्हणून डीबीच्या दारावर आतून एक कागद लावला आहे: बंद करताना आधी एसी, मग पॅनल, शेवटी बॅटरी, सुरू करताना उलट क्रम. शेजारी एबीसी पावडरचं अग्निशामक आणि १०१ हा नंबर. मेन मीटरजवळ दुसरी पाटी, "या घरात बॅटरी आहे, मेन बंद केल्यावरही आत वीज असते". ती पाटी वायरमनसाठी आणि अग्निशमन दलासाठी आहे. बॅटरी लावणाऱ्या प्रत्येक घराने ती पहिल्याच दिवशी लावावी.